इंग्रजी साहित्यातील हिवाळा आणि मराठी वाचक : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

'विंटर' या इंग्रजी शब्दाचा कोशातील मराठी अर्थ 'हिवाळा' असा आहे. इंग्रजी कविता मराठीतून समजावून सांगताना मात्र हा साधा शब्द मागे पडतो आणि त्याची जागा 'शिशिर' घेतो. शिशिराबरोबर पानगळ, वार्धक्य, एकाकीपणा आणि मृत्यू हे अर्थही न बोलावता येतात. 'हिवाळा हे मृत्यूचे प्रतीक आहे' हे विधान अध्यापनात आणि उत्तरपत्रिकांत इतके रुळले आहे, की त्याविषयी शंका घेण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. हे विधान लिहिणारा विद्यार्थी खोपोली, कर्जत वा खालापूर परिसरातील एखाद्या गावातून आलेला असेल, तर त्याच्या घरी त्याच महिन्यांत नवे भात आलेले असते, कापणी झालेल्या खाचरांत वाल उभा असतो आणि सकाळी अंगणात शेकोटी पेटलेली असते. त्याच्या अनुभवातील हिवाळ्याशी मरणाचा संबंध नसतो. गुण मात्र मरणालाच मिळतात.

येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. इंग्रजी साहित्यातील हिवाळा खरोखरच मृत्यूचे एकच एक प्रतीक आहे काय? आणि तसे नसेल, तर त्या परंपरेतील कोणती गोष्ट मराठी वाचकाला आपल्या भूमीवर उभे राहून स्वीकारता येईल? प्रस्तुत लेखात इंग्रजी साहित्यातील हिवाळ्याच्या चित्रणाचे टप्पे, प्राकृत-संस्कृत ऋतुवर्णनाची परंपरा आणि बा. सी. मर्ढेकर यांची कविता यांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

वर्षे मोजण्याचे माप

कोणताही समाज आपले आयुष्य ज्या ऋतूने मोजतो, तो ऋतू त्याच्या जीवनातील कसोटीचा ऋतू असतो. प्राचीन इंग्रजी भाषेत माणसाचे वय आणि राजाच्या कारकिर्दीचा काळ हिवाळ्यांनी मोजला जाई. 'बेओवुल्फ' या महाकाव्यातील नायक पन्नास हिवाळे राज्य करतो, याचा अर्थ पन्नास वर्षे. इंग्रजांचे पूर्वज वर्षाचे उन्हाळा आणि हिवाळा असे दोनच भाग करीत, अशी नोंद बीड या धर्मोपदेशक इतिहासकाराने इ. स. ७२५ च्या सुमारास केली आहे. जो हिवाळा ओलांडून जगला त्याचे एक वर्ष पूर्ण झाले, असा हा हिशेब होता.

मराठी माणूस मात्र 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे अधिक पाहिले आहेत' असे म्हणतो. वाक्प्रचारात कधी उन्हाळेही येतात, पण हिवाळ्याने वय मोजल्याचे ऐकिवात नाही. 'वर्ष' या शब्दाचाच पावसाशी संबंध आहे. ऋग्वेदात शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी शंभर 'हिम' म्हणजे शंभर हिवाळे असा प्रयोग आढळतो. त्यावरून उत्तरेकडील थंड प्रदेशातील जीवनाची कल्पना येते. सह्याद्रीच्या पायथ्याशी आल्यावर मापही बदलले. खोपोली परिसराशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे ते कादंबरीकार र. वा. दिघे यांच्या कादंबऱ्यांची नावे या दृष्टीने बोलकी आहेत : 'पाणकळा', 'सराई', 'पड रे पाण्या'. पाणकळा म्हणजे पावसाळा आणि सराई म्हणजे हंगाम. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या भातशेतीच्या मुलखात माणसाची परीक्षा घेणारा ऋतू पाऊसच आहे. हिवाळा हा त्या परीक्षेचा निकाल लागल्यानंतरचा काळ होय.

हा भेद केवळ तापमानाचा नाही. लंडनमध्ये वर्षातील सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. खोपोलीत तो सुमारे ११ तासांचा असतो. इंग्रजी कवितेतील हिवाळ्यात थंडीइतकाच काळोख असतो, ही बाब शिकविताना अनेकदा निसटते.

इंग्रजी साहित्यातील हिवाळ्याची वाटचाल

इ. स. ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या बीडच्या धर्मेतिहासात एक दृष्टान्त आहे. नॉर्थम्ब्रियाच्या राजाचा एक सल्लागार मानवी जीवनाची तुलना चिमणीच्या उड्डाणाशी करतो. हिवाळ्याच्या रात्री राजा आपल्या सरदारांसह उबदार दालनात जेवत आहे, बाहेर वादळ चालू आहे. एका दारातून चिमणी आत येते, क्षणभर उबेत राहते आणि दुसऱ्या दाराने पुन्हा अंधारात नाहीशी होते. ग्रंथ लॅटिन भाषेत असला तरी इंग्रजी हिवाळ्याचा मूळ आराखडा येथे स्पष्ट दिसतो. आत विस्तव आणि सोबत, बाहेर काळोख. आणि या दोहोंच्या मध्ये दार. 'द वाँडरर' आणि 'द सीफेअरर' या प्राचीन इंग्रजी काव्यांतील माणूस दाराच्या बाहेर राहिलेला आहे. त्याचे दुःख गारठ्याइतकेच आश्रय तुटल्याचे आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' या काव्यात नाताळच्या मेजवानीत एक अनोळखी स्वार दरबारात शिरतो आणि दिलेला शब्द पाळण्यासाठी गवेनला पुढील हिवाळ्यात एकट्याने प्रवास करावा लागतो. येथे हिवाळा नैतिक कसोटीचे रूप घेतो.

शेक्सपिअरच्या नाटकांत हा ऋतू अनेक सुरांत ऐकू येतो. 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकाच्या अखेरीस वसंत आणि हिवाळा यांची दोन गाणी आहेत. हिवाळ्याच्या गाण्यात गोठलेले दूध, खोकणारी माणसे आणि स्वयंपाकघरातील चुलीवरचे भांडे आहे. घुबडाचा आवाजही तेथे आनंदाचा ठरतो. घुबड अशुभ मानणाऱ्या मराठी वाचकाला हे विलक्षण वाटेल. परंतु ग्रामीण घरातील कष्ट आणि ऊब यांचे हे चित्र त्याला परके वाटणार नाही. 'अ‍ॅज यू लाइक इट' मधील गीतात हिवाळी वाऱ्यापेक्षा माणसाची कृतघ्नता अधिक बोचरी ठरविली आहे. 'द विंटर्स टेल' हे १६१० ते १६११ च्या सुमाराचे नाटक तर संशयाच्या हिवाळ्यातून क्षमेकडे जाते. यांपैकी कोठेही हिवाळा म्हणजे मृत्यू असे सरळ समीकरण मांडलेले नाही.

अठराव्या शतकात जेम्स थॉमसन याने १७२६ मध्ये 'विंटर' हे काव्य प्रसिद्ध केले. पुढे ते 'द सीझन्स' या दीर्घकाव्याचा भाग झाले. त्यात हिमवर्षावात वाट चुकून मरण पावणारा एक मेंढपाळ आहे. त्याची पत्नी आणि मुले घरात विस्तव पेटवून त्याची वाट पाहत असतात. या प्रसंगानंतर कवी लगेच सुखवस्तू लोकांकडे वळतो आणि आपल्या मौजेत दंग असताना इतर किती जण याच क्षणी यातना भोगत आहेत याची त्यांना जाणीव करून देतो. विल्यम कूपरच्या 'द टास्क' या १७८५ च्या काव्यात हिवाळ्याची संध्याकाळ पडदे ओढून, चहा आणि वर्तमानपत्र यांच्या संगतीत घालविली जाते. पण त्याच सर्गात थोड्याशा जळणावर रात्र काढणारे गरीब कुटुंबही आहे. कोलरिजच्या 'फ्रॉस्ट अ‍ॅट मिडनाइट' या १७९८ च्या कवितेत विझत आलेल्या विस्तवाजवळ बसलेला पिता, झोपलेल्या बाळाला प्रत्येक ऋतू सुखाचा व्हावा अशी इच्छा व्यक्त करतो. शेलीने 'ओड टू द वेस्ट विंड' या १८१९ मध्ये लिहिलेल्या कवितेत हिवाळ्याला येणाऱ्या वसंताची हमी बनविले. मराठी वर्गात सर्वाधिक परिचित झालेला हिवाळा हाच आहे : मरण आणि त्यानंतरचे पुनरुज्जीवन.

डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) या कथेने हिवाळा पुन्हा घरात आणला. थेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरण्याचा शेवटचा प्रसंग १८१४ मधील. डिकन्सचे बालपण त्याच थंड दशकात गेले आणि त्या आठवणींचे बर्फ त्याच्या नाताळात पडले, असे मानले जाते. या कथेत कंजूष स्क्रूज कोळशाची पेटी स्वतःच्या खोलीत ठेवतो आणि त्याचा कारकून जेमतेम निखाऱ्यावर हात शेकतो. विस्तवावर मालकी कोणाची, हा प्रश्न येथे उघडपणे विचारला गेला आहे. हार्डीची 'द डार्कलिंग थ्रश' ही कविता डिसेंबर १९०० मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यात शतक संपताना एक म्हातारा पक्षी गातो, पण त्या आनंदाचे कारण कवीला उमगत नाही. एलियटने 'द वेस्ट लँड' (१९२२) या काव्याच्या आरंभी वसंताला क्रूर आणि हिवाळ्याला ऊबदार ठरवून शेलीची हमीच रद्द केली. अ‍ॅली स्मिथ यांच्या 'विंटर' (२०१७) या कादंबरीत नाताळचा आदला दिवस तापलेल्या पृथ्वीवरचा, उन्हाचा आहे. एका दुभंगलेल्या कुटुंबाच्या मोठ्या घरात एक परदेशी तरुणी पाहुणी म्हणून येते आणि आत कोण, बाहेर कोण हा प्रश्न नव्याने उभा राहतो.

या वाटचालीकडे एकत्रितपणे पाहिले असता असे दिसते की, मृत्यूचे प्रतीक हा इंग्रजी हिवाळ्याचा एक अर्थ आहे, तोही विशिष्ट काळात प्रबळ झालेला. बीडच्या दालनापासून स्मिथ यांच्या घरापर्यंत जे सातत्याने टिकून राहिले ते दार आहे, आणि त्या दारापाशी विचारलेला एक प्रश्न : विस्तवाजवळ कोणाला जागा आहे आणि बाहेर कोण राहिले आहे?

चार ऋतूंचे चक्र आणि सहा ऋतूंची परंपरा

'हिवाळा म्हणजे मृत्यू' या समीकरणाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून देण्यात आदिबंधात्मक समीक्षेचा वाटा मोठा आहे. नॉर्थ्रप फ्राय यांनी 'अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम' (१९५७) या ग्रंथात वसंताशी सुखात्मिका, उन्हाळ्याशी अद्भुतरम्य कथा, पानगळीच्या ऋतूशी शोकात्मिका आणि हिवाळ्याशी उपरोध व विडंबन यांची सांगड घातली. मांडणी म्हणून ती प्रभावी आहे. तथापि तिच्यात पावसाळ्याला जागाच नाही. ज्या भूमीचे वर्ष पावसाभोवती फिरते तेथे हे चक्र जसेच्या तसे लावणे म्हणजे वर्षाचा कणाच काढून टाकण्यासारखे आहे.

भारतीय परंपरेत मार्गशीर्ष-पौषाचा हेमंत आणि माघ-फाल्गुनाचा शिशिर असे थंडीचे दोन ऋतू आहेत. कालिदासाच्या 'ऋतुसंहार' या काव्यात या दोहोंसाठी स्वतंत्र सर्ग आहेत. त्यांत पिकलेली भातशेते, बंद खिडक्या, अग्नी, कोवळे ऊन आणि प्रणय आहे. शोकाचा सूर नाही. महाराष्ट्राच्या भूमीशी अधिक जवळचा पुरावा 'गाथासप्तशती'चा आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या या महाराष्ट्री प्राकृत संग्रहातील एका गाथेत माघ महिन्यात अंगावरचे पांघरूण विकून बैल घेणारा शेतकरी येतो. पत्नीच्या उबेवर त्याचा भरवसा आहे आणि त्या उबेला धूर नसलेल्या कोंड्याच्या विस्तवाची उपमा दिली आहे. ही गाथा शृंगाराची म्हणून वाचली जाते. पण तिच्यात एक व्यवहारही आहे. पांघरूण आणि बैल यांपैकी एकच परवडते. पुढच्या पावसासाठी बैल हवा, म्हणून या हिवाळ्याची ऊब विकली जाते. येथेही हिवाळ्याला अर्थ देणारा ऋतू पाऊसच आहे आणि विस्तव कोणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न त्या उपमेच्या तळाशी आहे.

मर्ढेकरांचे दोन हिवाळे

इंग्रजी आणि मराठी हिवाळ्यांची गाठ एकाच कवीच्या लेखनात पाहावयाची असेल, तर मर्ढेकरांकडे (१९०९-१९५६) वळावे लागते. इंग्लंडमध्ये शिक्षण घेतलेल्या आणि इंग्रजीचे अध्यापन केलेल्या या कवीचा पहिला संग्रह 'शिशिरागम' या नावाने १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शिशिर हा गळत्या पानांचा, विफल प्रेमाचा आणि हुरहुरीचा आहे. त्याला निव्वळ उसना म्हणणे योग्य ठरणार नाही, कारण सह्याद्रीतील पानझडी वृक्षांची पाने माघ-फाल्गुनात खरोखरच गळतात. भेद आहे तो या पानगळीच्या अर्थात. येथील पानगळ पाणी कमी झाल्यामुळे होते. आणि निष्पर्ण झालेल्या पळस, पांगारा व काटेसावर यांच्यावर त्याच सुमारास फुले येतात. इंग्लंडमध्ये पानगळ आणि फुलोरा यांच्या मध्ये काळोखाचे महिने असतात. येथे एकाच फांदीवर दोन्ही घडते. 'शिशिरागम'ने पान उचलले, फूल उचलले नाही. ही निवड त्या काळातील इंग्रजी रोमँटिक संस्काराची होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मर्ढेकरांच्या नंतरच्या, नवकवितेच्या काळातील लेखनात मुंबई बंदरावरील माघातल्या सकाळीची प्रसिद्ध कविता येते. पंचांगाप्रमाणे माघ म्हणजे शिशिरच. पण कवी आता शिशिराचे नाव घेत नाही. न्हालेल्या गर्भवतीची उपमा, दुधाचे हंडे वाहून नेणारे गवळी, धक्क्यावरच्या झोपलेल्या बोटी, धूर आणि चहा यांचा वास अशा तपशिलांतून हा हिवाळा उभा राहतो. येथे त्याची गोडी आहे आणि ती घोटानेच मोजावी इतकी अल्प आहे, कारण थोड्याच वेळात महानगराची धांदल सुरू होणार आहे. इंग्रजी हिवाळा दीर्घ असल्यामुळे त्याचा शेवट हवासा वाटतो. मुंबईचा हिवाळा थोडका असल्यामुळे तो संपू नये असे वाटते. मृत्यूच्या ठिकाणी गर्भाची प्रतिमा ठेवणारा हा कवी एलियटच्या पिढीची कविता जाणणारा होता. इंग्रजी साहित्याचा व्यासंग असूनही, किंबहुना त्या व्यासंगामुळेच, तो स्वतःच्या शहराच्या हवेकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकला. इंग्रजीच्या अध्यापकांसाठी हे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. प्रभाव नाकारून हा प्रवास झालेला नाही. प्रभाव पचवून झालेला आहे. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या पुस्तकाने हीच दृष्टी ललित गद्यात आणली. बारा महिन्यांचे निरीक्षण करताना त्यांनी झाड आधी पाहिले आणि अर्थ नंतर शोधला.

खोपोली-कर्जतचा हिवाळा

येथे दुसऱ्या बाजूची एक चूकही टाळावयास हवी. इंग्रजी हिवाळा दुःखाचा आणि आपला हिवाळा सुखाचा, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. रायगड जिल्ह्यात या दिवसांत पोपटीचा बेत होतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, पाणी न घालता, ते पालथे ठेवून भोवती जाळ केला जातो. संक्रांतीचा तिळगूळ, भोगीची भाजी आणि गुलाबी थंडी यांविषयी वर्तमानपत्री ललित लेखन विपुल होते. हा हिवाळा खराच आहे. परंतु तो ज्याच्या शेतात वाल आहे आणि ज्याच्या अंगणात जाळ आहे त्याचा आहे.

याच कर्जत-खालापूर तालुक्यांत कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत समाविष्ट केलेल्या या समाजातील अनेक कुटुंबे पावसाळ्यानंतर, बहुधा दिवाळीच्या सुमारास, वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर कामासाठी बाहेर पडतात आणि पुढचा पाऊस जवळ आला की परततात. बऱ्याचदा उचल आधी घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी सारा हंगाम राबावे लागते. त्यांच्या दृष्टीने हिवाळा हा घर सोडण्याचा ऋतू आहे. मुलांची शाळा सुटते ती याच ऋतूत. दुसऱ्याच्या घराच्या विटा भाजणारे आणि दुसऱ्याच्या शेगडीचा कोळसा पाडणारे हे लोक स्वतः भट्टीशेजारच्या तात्पुरत्या खोपटात थंडी काढतात. विस्तव त्यांच्या हातांनी पेटतो, पण त्याच्या उबेवर त्यांचा हक्क नसतो.

थॉमसनचा मेंढपाळ, कूपरचे गरीब कुटुंब आणि डिकन्सचा कारकून येथे अचानक ओळखीचे वाटू लागतात. गाथेतील पांघरूण विकणारा शेतकरीही त्यांच्याच रांगेत येऊन बसतो. बर्फ येथे नाही, काळोखही तेवढा दीर्घ नाही. पण दार आहे आणि दाराबाहेरची माणसे आहेत. इंग्रजी हिवाळ्याचा हा अर्थ वर्गात पोहोचला, तर वाडीवरून आलेल्या विद्यार्थ्याला 'अ ख्रिसमस कॅरल' मधील कोळशाच्या पेटीविषयी सांगण्यासारखे बरेच असेल, आणि ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही. मराठी ललित गद्यानेही हा हिवाळा पुरेसा लिहिलेला नाही, हे मान्य करणे आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. इंग्रजी साहित्यातील हिवाळा एकार्थी नाही. आयुष्याचे माप, निर्वासन, नैतिक कसोटी, घरगुती ऊब, पुनरुज्जीवनाची आशा, त्या आशेवरील अविश्वास आणि तापत चाललेल्या पृथ्वीची चिंता अशा अनेक अर्थांतून तो गेला आहे.

२. 'विंटर'चे सरसकट 'शिशिर' हे भाषांतर अपुरे आहे. संदर्भ पाहून हिवाळा, हेमंत, शिशिर किंवा केवळ थंडी यांतून निवड करावी लागते.

३. ऋतूंच्या प्रतीकांना हवामान, अक्षांश आणि शेती यांचा आधार असतो. चार ऋतूंवर उभारलेली समीक्षापद्धती सहा ऋतूंच्या आणि एका प्रबळ पावसाळ्याच्या भूमीवर तपासूनच वापरावी.

४. मर्ढेकरांच्या शिशिराकडून माघाकडे झालेल्या वाटचालीत परकीय साहित्याच्या सर्जनशील स्वीकाराचा नमुना आढळतो.

५. इंग्रजी हिवाळ्यातून मराठी वाचकाला घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आत आणि बाहेर यांविषयीचा त्याचा प्रश्न होय.

'हिवाळा हे कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न विद्यार्थ्यासमोर ठेवण्यापूर्वी 'तुमच्या गावात हिवाळ्यात कोण येते आणि कोण जाते?' हा प्रश्न विचारला, तर कवितेचे काहीच बिघडणार नाही. भात घरी आणणारा आणि भट्टीवर निघालेला, असे दोन्ही विद्यार्थी पटावर असतात. डिसेंबरमध्ये त्यांतील एकाची जागा रिकामी होते. इंग्रजी हिवाळा शिकविण्याची सुरुवात त्या रिकाम्या जागेपासून करता येईल.